जाते म्हणू नये

हल्ली माझी बायको हॉस्पिटलच्या ड्युटीला निघताना दारात काही बोलत नाही. डबा घेते, आयडी कार्ड गळ्यात अडकवते, चपला पायात सरकवते आणि दार ओढून घेते. बाहरीनच्या सनद भागातल्या आमच्या फ्लॅटचं दार जड आहे. ते धाडकन बंद झालं की मला आत कळतं, बाई गेल्या. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ती दारातून ‘येते हं’ म्हणून ओरडायची आणि मी आतून ‘ये’ म्हणेपर्यंत उंबऱ्यावरून हलायची नाही. मी मुद्दाम गप्प बसलो तर चपलांसकट परत आत यायची आणि विचारायची, ‘अहो, मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?’

‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मराठी घरात कुणी समोर बसवून शिकवत नाही. लहानपणी एकदा चुकून ‘जाते’ म्हटलं की पाठीत धपाटा बसतो, मग ते जन्मभर पुरतं. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आमच्या पणजोबांनी देव बदलला, पण या असल्या बारीकसारीक भित्या बदलायचं त्यांच्याकडून राहून गेलं. माझ्या सासूबाई दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर असत आणि तरीही कुणी ‘जाते’ म्हणालं तर त्याला परत बोलावून, बसवून, घोटभर पाणी पाजून मगच सोडत. ‘जाते’ म्हणजे कायमची जाते. ‘येते’ म्हणजे फक्त जाते. हे ज्याला कळतं तो मराठी, इतकी साधी गोष्ट आहे, आणि याच साध्या गोष्टीनं आमचं घर गप्प झालं.

बाहरीनमध्ये आमचा रविवार शुक्रवारी येतो. सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासना शुक्रवारची. त्या उपासनेनंतर एका शुक्रवारी चहाच्या टेबलाशी केरळच्या एका अंकलनी सांगितलं की ते काही जणांना घेऊन चीनला चाललेत, अनाथ मुलांच्या एका आश्रमात, सेवेसाठी. तिथं अपंग मुलं जास्त आहेत आणि नर्स हव्या आहेत. मी समोशाचा दुसरा घास घ्यायच्या आत बायकोनं नाव देऊन टाकलं. माझंसुद्धा.

घरी आल्यावर मी म्हणालो, ‘अगं, चीन कशाला? आपल्या नगरला अनाथ मुलं कमी आहेत का?’

‘नगरला तुम्ही कधी गेलात त्यांच्याकडे?’

‘बरं, मी तिथं जाऊन काय करू? मी एसी दुरुस्त करणारा माणूस.’

‘पाने-पक्कड घेऊन चला. मुलांच्या खुर्च्यांना चाकं असतात, ती मोडतात.’

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान उलटून बोलत नाही. ईदच्या सुट्टीला जोडून मी लीव्ह टाकली. निघायच्या आधी हूरा भागातल्या एका दुकानातून तिनं मुलांसाठी बूटमोजे घेतले, एक मोठी बॅग भरून, मापं सगळी अंदाजानं. आमच्या मुलीनं, म्हणजे सोळा वर्षांच्या आमच्या इंग्रज बाईनं, आईच्या फोनमध्ये भाषांतराचं ॲप टाकून दिलं. मराठीत बोला, फोन चिनीत बोलतो. चिनीत बोललं की मराठीत. ‘ममी, इट इव्हन नोज मराठी!’ ती म्हणाली, आणि बायको अशी फुलली की जणू फोन आमच्याच आळीत वाढलाय.

अंकलनी विमानतळावर सगळ्यांना दोन नियम सांगितले. तिथं देवाचं नाव काढायचं नाही, गाणं नाही, पुस्तक नाही. ‘मुँह बंद, हाथ चालू,’ ते म्हणाले. आणि दुसरं, परत येऊ असं कुठल्याही मुलाला सांगायचं नाही. बायकोनं मान डोलावली. तिनं दोन्ही नियम पाळले, हे मी शपथेवर सांगतो.

तो आश्रम एका थंड, राखाडी गावाच्या टोकाला होता. हवेला कोळशाचा वास. लांब खोल्या, ओळीनं पलंग, आणि प्रत्येक पलंगात कुणीतरी. मी मोठ्या मोठ्या गोष्टी सांगणार नाही. तिथल्या बायका दुष्ट नव्हत्या. त्या थोड्या होत्या आणि मुलं पुष्कळ होती. एकीनं एका ओळीला पेज भरवून संपवेपर्यंत पहिल्या पलंगावरच्याला पुन्हा भूक लागायची. सगळ्यात जास्त अंगावर आली ती शांतता. इतकी मुलं आणि रडणं नाही. रडून कुणी येत नाही हे ती फार लवकर शिकली होती. पहिल्या संध्याकाळी मी हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बायको रडली नाही. ती म्हणाली, ‘उद्या ग्रीस घ्या बरोबर. तिसऱ्या खोलीतल्या खुर्च्या फार कुरकुरतात.’

तिसऱ्या खोलीत ती मुलगी होती. नऊदहा वर्षांची असेल. पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष, कमरेखाली जाण नाही, पाय नुसते लोंबते. गरीब बिचारी वगैरे अजिबात नव्हती. शेजारच्या मुलाचा चमचा लपवायची, नको असलेले वाटाणे नेम धरून थुंकायची, आणि मी तिच्या खुर्चीचं चाक बसवत असताना तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. बायकोनं फोन तिच्या तोंडाशी धरला. ती काहीतरी बोलली आणि फोननं शुद्ध मराठीत जाहीर केलं, ‘जाड माणूस आला आहे.’ आश्रमात ऐकलेलं पहिलं हसू ते माझ्या बायकोचं. दुसरं त्या मुलीचं.

तिथून पुढं दोघींचं जमलं. बायको तिला छकुली म्हणायची. खरं नाव तिला उच्चारता येईना, आणि चुकीचं म्हटलं की पोरगी डोळे वटारायची. सगळ्यांसाठी दुभाषी एकच होत्या, गावातल्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई, इंग्रजी शिकवणाऱ्या. त्या कुठं कुठं पुरणार? म्हणून आमचा कारभार फोनवर चालायचा. ‘जेवलीस का?’ बायको विचारायची, फोन विचारायचा, आणि उत्तर यायचं, ‘अन्न वाईट आहे.’

बुटांवरून तिथल्या मुख्य बाई नाखूश होत्या. चालता न येणाऱ्या मुलीला बूट कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चूक नव्हतं. पण पोरीनं बॅगेतले निळे बूट पाहिले आणि हात पुढं केला तो मागं घेईना. बायकोनं ते तिला घातले. मात्र नर्स ती नर्सच. रोज संध्याकाळी स्वतः बूट काढायची, मोजे काढायची, तळवे उजेडात धरून बोटांच्या मधून बघायची. जाण नसलेल्या पायाला बूट चावला तर कळत नाही, रक्त आलं तरी कळत नाही. हे तिनं तिथल्या बायकांना सांगितलं, दुभाषी बाईंकडून दोनदा सांगितलं. आणि पाय पुसता पुसता ती डोळे मिटायची, ओठ हलू न देता. मुँह बंद, हाथ चालू.

मग बूट पलंगाखाली ठेवून म्हणायची, ‘छकुले, आम्ही घरी चाललो. येते हं.’ फोन ते चिनीत म्हणायचा. पोरगी आमच्याकडं बघत राहायची. पहिल्या दिवशी बायको तशीच उभी राहिली, अवघडून, कारण ‘ये’ म्हणणारं कुणी नव्हतं. मी मागून बारीक पोरीच्या आवाजात म्हणालो, ‘ये गं बाई, ये.’ मग सुटली. दुसऱ्या दिवसापासून तो खेळच झाला. बायको ‘येते हं’ म्हणायची, मी बारीक आवाजात ‘ये’ म्हणायचो, आणि पोरगी हसायची. काही दिवसांनी ती स्वतःच म्हणायला लागली, ‘ये.’ उच्चार अगदी चोख. बायकोनं तिच्या कानशिलांवरून बोटं मोडली. हॉटेलात येऊन मला म्हणाली, ‘आपल्या लेकीनं आयुष्यात कधी इतकं गोड ये म्हटलं नाही.’

आणि दर सकाळी आम्ही यायचो. ती खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची, बूट मांडीवर घेऊन, ते पायात घालायला बायकोची वाट बघत.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी दुभाषी बाईंना बरोबर घेऊन निरोप घेतले. आम्ही लांबच्या देशात जातोय, पुन्हा येणार नाही, असं ज्यानं त्यानं आपल्या मुलाला समजावून सांगितलं. काही मुलं ऐकतच नव्हती, काही ऐकून भिंतीकडं वळली. आमची पाळी आली तेव्हा दुभाषी बाई दुसऱ्या खोलीत होत्या आणि खाली बसचा हॉर्न वाजत होता. बायकोनं पाय तपासले, पुसले, बूट पलंगाखाली ठेवले. फोन काढला. त्या घाईत फार बोलता आलं नाही. ‘छकुले, आम्ही घरी चाललो,’ ती म्हणाली. ‘शहाण्यासारखी राहा. येते हं.’

‘ये,’ पोरगी म्हणाली.

मी शेजारीच उभा होतो. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. अशा वेळी दुसरं काय म्हणतात?

बाहरीनला परत आल्यावर तेच आयुष्य. उन्हाळा चढला, माझे फोन वाजायला लागले, जिदहफ्समधल्या एका इमारतीचा अख्खा एसी बसला आणि मी तिथल्या गच्चीवर भाजून निघत होतो. तेव्हा बायकोचा फोन आला. ती फक्त म्हणाली, ‘घरी या.’

दुभाषी बाईंचा मेसेज आला होता, इंग्रजीतून. ती मुलगी रोज पहाटे उठते, कुणाकडून तरी हट्टानं बूट घालून घेते आणि खुर्ची ढकलत दाराशी जाऊन बसते. रात्री बूट काढू देत नाही, हात लावणाऱ्याला चावते. बायका कंटाळल्या आणि त्यांनी नाद सोडला. आता तिच्या डाव्या पायाला जखम झाली आहे, खोल. डॉक्टर म्हणतात सुकली नाही तर बोटं काढावी लागतील. शेवटी बाईंनी विचारलं होतं, ‘तुम्ही तिला परत येणार म्हणून का सांगितलंत? ती सगळ्यांना सांगते, तिनं मला वचन दिलंय.’

‘मी कधी सांगितलं?’ बायको मला विचारत होती. ‘अहो, तुम्ही होतात ना. मी असं काही बोलले का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘तू तर फक्त येते म्हणालीस.’

सोफ्यावर आमची मुलगी होती, कानात इअरफोन घालून. तिनं एक काढला. आमच्याकडं बघितलं, आधी थोडं वैतागून, मग तिचा चेहरा उतरला. ‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘येते मीन्स आय ॲम कमिंग.’

मराठी येत नाही म्हणून जिला आम्ही वर्षानुवर्षं टोमणे मारले, तिला त्या शब्दाचा सरळ अर्थ दिसत होता. फोनलाही तोच दिसला.

त्यानंतर तिनं परत जायचं ठरवलं. अंकलना विचारलं. तो आश्रम आता बाहेरच्यांना घेत नव्हता, कुठल्याच गटाला नाही. एकटी जाते म्हणाली. बोलावणं नसताना गावात जाऊन दाराबाहेरच उभी राहशील, अंकल म्हणाले. तरी तिनं लीव्ह मागितली. तिचा मॅनेजर भला माणूस आहे. तो म्हणाला, ‘इंशाल्ला.’ इथं इतकी वर्षं काढल्यावर त्याचा अर्थ आम्हाला कळतो. तो नाही म्हणत नाही, समोरच्याचं मन मोडत नाही, सगळं वरवाल्यावर सोपवतो. आणि ऐकणाराही समजून घेतो, बूट घालून दाराशी बसत नाही. मला त्या दिवसांत फार राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही. एका शुक्रवारी उपासनेत पाळकसाहेब प्रभूच्या पुनरागमनाबद्दल बोलत होते आणि मला एकदम वाटलं, आपला धर्मच मुळी ‘येतो’ म्हणून गेलेल्याची वाट बघण्याचा. दोन हजार वर्षं आपण बूट घालून बसलोय. आपले पाय कोण तपासतंय? मी हे बायकोला बोललो नाही. ती माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती आणि यावेळी तिचे ओठ हलत होते.

शेवटी दुभाषी बाईंनी एक व्हिडिओ कॉल जमवला. पोरीला तुमच्याच तोंडून कळू दे, त्या म्हणाल्या, आमच्यावर तिचा विश्वास नाही. जखम अजून ओली होती. तिनं बूट सोडले तरच बरी होणार होती, आणि वाट बघणं सोडलं तरच ती बूट सोडणार होती. इतकं सरळ होतं ते.

बायकोनं वाक्यं पाठ केली. भांडी घासताना म्हणायची, ‘मी आता येणार नाही. मी आता येणार नाही.’ मुलगी म्हणाली, ‘ममी, स्ट्रेट बोल. नो येते-बिते.’ तिनं आपला फोन ॲपसाठी धरायचा असं ठरलं. ममी थांबत थांबत बोलते, म्हणून बटण दाबूनच ठेवायचं; दाबलेलं असेपर्यंत फोन ऐकतो आणि लगेच बोलतो.

पडद्यावर पोरगी आली. केस कापले होते, बारीक झाली होती. खुर्ची पलंगाला लावलेली, डावा पाय पांढऱ्या बँडेजमध्ये. बूट पलंगाखाली होते, त्यांची निळी टोकं दिसत होती. बाईंनी त्या दिवसापुरते कसेतरी काढून घेतले होते. बायकोला बघून ती हसली नाही. दाराकडं बघितलं, मग पुन्हा पडद्याकडं.

‘छकुले,’ बायको म्हणाली, ‘मी खूप लांब राहते. मी आता येणार नाही.’

फोन बोलला. पोरगी ऐकत होती. तिनं विचारलं आणि फोननं मराठीत सांगितलं, ‘उद्या?’

‘उद्या नाही.’

‘त्याच्यानंतरच्या दिवशी?’

‘नाही गं. कधीच नाही. माझं चुकलं नाही, तुझंही चुकलं नाही. शब्द चुकला. तू बूट घालायचे नाहीत. पाय बरा होऊ द्यायचा. माझ्यासाठी दाराशी बसायचं नाही. कळलं?’

इतकं सगळं ती एका दमात, न रडता बोलली. मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्याकडं बघवेना. फोन बोलून थांबला. पोरीनं पलंगाखालच्या बुटांकडं बघितलं. मग तिनं मान डोलावली, एकदाच. बाईंनी कॅमेऱ्यात येऊन सांगितलं, तिला समजलंय. बाईंचे डोळे ओले होते. आमची मुलगी हळूच म्हणाली, ‘डन, ममी. इट्स डन.’ मला वाटलं, देवानं निदान एवढं तरी केलं.

तेवढ्यात एक बाई पोरीला ड्रेसिंगला न्यायला आली आणि खुर्ची वळवायला लागली. पोरीनं पलंगाची कड धरून खुर्ची थांबवली. मान वळवून आमच्याकडं बघितलं. आणि चिनीत नाही, मराठीत, माझ्या बायकोच्याच आवाजाच्या चढउतारात म्हणाली, ‘येते हं.’

ती निरोप घेत होती. कुणी शिकवलं नसताना बरोबर जागी बरोबर शब्द. आमच्या सासूबाईंनी तिला जवळ घेतलं असतं.

आणि माझी बायको म्हणाली, ‘ये.’

ती विचार करून बोलली नाही. ‘येते’ला दुसरं उत्तर आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. आमच्या मुलीचं बोट अजून बटणावर होतं. ते उचलायच्या आत फोननं, त्या नेहमीच्या गोड बाईच्या आवाजात, तो एवढासा शब्द चिनीत म्हटला.

पोरीचा चेहरा उजळला. ती खुर्चीतून खाली वाकली आणि हात लांब करून पलंगाखालचे बूट ओढू लागली.